रुपेरी पडद्यावरील उपवन

इ. स. १८९५ च्या डिसेंबर महिन्याच्या २८ व्या तारखेस पॅरिस शहरांतील ‘ग्रँड कॅफे’ नांवाच्या उपाहारगृहाच्या तळघरांत ल्युमिएर बंधूंनीं तिकीट लावून लोकांस हलतीं चित्रें दाखविलीं, ही गोष्ट आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. त्या दिवशींच्या लहानशा चित्रांपैकीं दोन बागेंतलीं होतीं, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. एका चित्रांत माळी नळीनें झाडांस पाणी घालीत आहे. मागून एक व्रात्य पोर येऊन नळीवर पाय देतें. पाणी कां थांबलें म्हणून माळी नळीचें तोंड डोळ्यांसमोर धरतो, तोंच पोर पाय उचलतें आणि माळीबुवांस सचैल स्नान घडतें! सारा प्रकार एका मिनिटाच्या आंत आटोपतो. माळ्याचें काम ल्युमिएर यांच्या पदरच्या माळ्यानेंच केलें होतें. पडद्यावर रचून सांगितलेल्या गोष्टींपैकीं अगदीं पहिली अशी जी मानली जाते ती ही. म्हणजे चित्रपटांतील विनोदाचा जन्म बागेंत झाला म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें चित्र याहूनहि साधें. ऑग्यूस्त ल्युमिएर व त्यांची पत्नी उघड्यावर मेज मांडून आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, एवढाच त्याचा विषय. परंतु तें पाहून लोक घरीं परतले ते मुलीविषयीं न बोलतां तिच्या मागच्या झाडांविषयीं बोलत. झाडांचीं पानें वाऱ्यानें हलत होतीं!

पान हललें यांत एवढें नवल काय, असें आज वाटेल. तें समजून घेण्यासाठीं जुन्या नाटकमंडळ्यांचा संसार डोळ्यांपुढें आणला पाहिजे. राजवाडा, रस्ता, जंगल आणि बाग एवढे रंगविलेले पडदे गाड्यांत घातले कीं कंपनी गांवोगांव जाण्यास सिद्ध. नाटक कोणतेंहि असो, नायिकेनें विरहाचें पद म्हणावयाचें म्हटलें कीं बागेचा पडदा सुटे. त्याच्यावर तींच कारंजीं, तेच ताटवे, तीच कमान. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पुण्यांत ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं प्रयोग झाला त्यापासून पुढें दोन पिढ्या महाराष्ट्रानें बाग म्हणून पाहिली ती ही कापडावरची. तिच्यांत गाणें अप्रतिम असे. परंतु वारा वाहत नसे. पंखा लावला तर सबंध बागच फडफडावयाची! चित्रपटानें या कापडाच्या जागीं खरें, हलतें पान आणून ठेविलें. या देणगीचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम थोडें मागें जाऊं. संस्कृत रंगभूमीवर असा रंगविलेला देखावाहि नव्हता. अभिज्ञानशाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतला आणि तिच्या सख्या आश्रमांतील झाडांस पाणी घालतात. तेथें झाड नाहीं आणि पाणीहि नाहीं. सर्व अभिनयानें दाखवावयाचें. राघवभट्टानें आपल्या टीकेंत या प्रसंगीं हात कसे धरावे, देह कसा लववावा हें नाट्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगून ठेविलें आहे. प्रेक्षकांनीं त्या हातांकडे पाहून आळें, घडा, पाण्याची धार हें सारें मनानें उभें करावयाचें. अशा रंगभूमीसाठीं लिहिणाऱ्या कवीस बाग शोभेपुरती वापरणें परवडतच नाहीं. ज्या वस्तूचें नाटकांत काम नाहीं ती प्रेक्षकांस डोळ्यांनीं न दिसतां कां आठवावी?

म्हणून कालिदासाच्या उपवनांत प्रत्येक जिनसेस काम नेमून दिलेलें आहे. पाण्याच्या धक्क्यानें नवमालिकेवरून भुंगा उठतो, शकुंतलेच्या मुखाभोंवतीं घिरट्या घालतो, ती घाबरते, सख्या थट्टेनें राजाचें नांव घेतात, आणि झाडाआड उभ्या असलेल्या दुष्यंतास पुढें येण्यास निमित्त मिळतें. भुंगा काढून टाकला तर नाटकाचें चाक तेथेंच रुतेल. चौथ्या अंकांत सासरीं निघालेल्या मुलीस निरोप देण्यास कण्व महर्षि तपोवनांतील झाडांनाच विनवितात; ज्यांना पाणी घातल्यावांचून ती स्वतः पाणी पीत नसे, त्यांनीं तिला अनुज्ञा द्यावी म्हणून. झाडांच्या वतीनें कोकिळा उत्तर देते. वनज्योत्स्ना वेलीस शकुंतला बहिणीप्रमाणें आलिंगन देते, आणि पाळलेलें हरिणाचें पाडस मागून वस्त्र ओढतें. मुलीची पाठवणी ज्या घरांत झाली आहे त्यांतील कोणासहि हा अंक समजावून सांगावा लागत नाहीं. झाडें येथें माहेरचीं माणसें आहेत.

सहाव्या अंकाचा प्रकार तर चित्रपटाच्या दृष्टीनें फारच मौजेचा आहे. पश्चात्तापानें पोळलेला राजा प्रमदवनांत बसला आहे. वसंतोत्सव त्यानें बंद केला आहे. शकुंतलेचें स्वतः काढलेलें चित्र तो पाहतो. त्या चित्रांत ती, तिच्या सख्या, आश्रमांतील झाडें आणि तो पहिला भुंगाहि आहे. पाहतां पाहतां राजा इतका तल्लीन होतो कीं चित्रांतल्या भुंग्यास दटावूं लागतो. हें चित्र आहे अशी विदूषक आठवण देतो, तेव्हां राजास दुःख होतें तें आपला भ्रम मोडल्याचें. काळोखांत बसून पडद्यावरच्या सावल्यांसाठीं अश्रु ढाळणाऱ्या माणसाचें इतकें अचूक वर्णन चित्रपट निघण्यापूर्वीं दीड हजार वर्षें लिहून ठेविलेलें आहे. दुष्यंतास आद्य चित्रपट-प्रेक्षक म्हटलें तर चालेल.

मालविकाग्निमित्रांत अशोकास फूल यावें म्हणून मालविकेस त्यावर पाय मारावा लागतो, तेंहि राजाच्या प्रमदवनांतच. मृच्छकटिकांतील पुष्पकरंडक नांवाचें जीर्ण उद्यान याच्या अगदीं उलट: गाडीची अदलाबदल होऊन वसंतसेना तेथें शकाराच्या तावडींत सांपडते, तो तिचा गळा दाबतो आणि वाळल्या पानांखालीं तिला झांकून निघून जातो. एका बागेंत प्रेमास आरंभ व्हावा आणि दुसरींत खुनाचा प्रयत्न व्हावा, हें दोन्हीं आमच्या जुन्या नाटककारांस सारख्याच सहजतेनें साधत असे. गिरीश कर्नाड यांनीं १९८४ सालीं मृच्छकटिकाच्या आधारें ‘उत्सव’ हा चित्रपट काढला, तो जाणत्या वाचकांच्या पाहण्यांत असेलच.

आतां आपल्या चित्रपटाकडे वळूं. त्याच्याहि पायाशीं बागच आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्यें दोन पहिलवानांची कुस्ती कॅमेऱ्यानें टिपली. हिंदी माणसानें घेतलेलें पहिलें चलच्चित्र तें हेंच. बाग तेथें केवळ सोयीची जागा होती. मोकळें आकाश आणि भरपूर उजेड, एवढीच अपेक्षा.

दादासाहेब फाळक्यांचें तसें नाहीं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या या शास्त्र्याच्या मुलानें १९१२ सालीं लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणण्याची व्यवस्था केली खरी. परंतु पुढें भांडवल कोण देणार? चित्रपट नांवाचा धंदा या देशांत कोणीं पाहिलेला नव्हता. तेव्हां दादासाहेबांनीं एका कुंडींत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोंविला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडथोडें चित्रण करीत राहिले. तीं चित्रें सलग फिरवितांच मिनिटभराच्या अवधींत दाणा फुटला, अंकुर वर आला आणि त्याचा वेल झाला! या चित्राचें नांव ‘अंकुराची वाढ’. तें निवडक मंडळींस दाखविल्यावर त्यांतल्या कांहींजणांनीं कर्ज देऊं केलें. सरस्वतीबाईंनीं आपले दागिने दिले. त्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमागृहांत लागला.

या प्रयोगाची योग्यता पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ल्युमिएरच्या बागेंत जें पान हललें तें वाऱ्यानें. आपल्या डोळ्यांनाहि तें तसेंच दिसतें. परंतु वेल वाढतांना कोणत्याहि डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. रोज पाणी घालणाऱ्या बाईस सकाळीं एवढेंच कळतें कीं काल नव्हतें तें पान आज आहे. मधली रात्र कोणासच दिसत नाहीं. दादासाहेबांनीं ती रात्र दाखविली. ज्याच्याजवळ मोठें नेपथ्य, नटी आणि पैसा यांपैकीं कांहींच नव्हतें, त्या माणसास कुंडींतल्या वाटाण्यानें तारलें. ती कुंडी राहत्या घरांत होती आणि त्या घरांत संसार चालू होता. फिल्मच्या कडांस भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें सरस्वतीबाई करीत व कंपनीच्या सर्व मंडळींचा स्वयंपाकहि पाहत. चरित्रकारांनीं या गोष्टींस दोन ओळींत वाटेस लाविलें आहे. आमच्या मतें त्यांस एक प्रकरण द्यावयास हवें होतें.

फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत अण्णा साळुंके यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. अशोकवन आलें तें या निमित्तानें. अशोकवन ही आपल्या वाङ्मयांतील सर्वांत सुंदर आणि सर्वांत क्रूर बाग होय. फळाफुलांनीं लवलेल्या झाडांखालीं स्त्रीस कोंडून ठेवणें, आणि बागेच्या सौंदर्यानेंच तिचें मन वळेल अशी आशा धरणें, हा रावणाचा डाव होता. मारुतीनें बागेचा विध्वंस केला तो याच बागेचा. वाल्मीकींनीं सीतेस बसविली आहे ती मात्र शिंशपेच्या झाडाखालीं, अशोकाखालीं नव्हे, ही गोष्ट रामायण वाचणाऱ्यांच्याहि नजरेंतून निसटते.

अशोकाविषयीं एक शब्द येथेंच बोलून घेतों. इमारतींच्या कडेनें सरळ, उंच, खालीं लोंबत्या पानांचें जें झाड लावतात त्यास लोक अशोक म्हणतात. तो कवींचा अशोक नव्हे. खऱ्या अशोकाची उंची बेताची, छाया दाट, आणि वसंतांत त्यास केशरी-तांबडीं फुलें झुपक्यांनीं येतात. पौराणिक चित्रपटांत याहून मोठे प्रमाद सर्रास होत आले आहेत. ऋषिपत्नींच्या केसांत झेंडू असतो. झेंडू हें मेक्सिकोकडचें झाड, पोर्तुगीज या किनाऱ्यास येईपर्यंत येथें कोणीं पाहिलेलें नव्हतें. आश्रमाच्या कुंपणावर बोगनवेल फुललेली असते. तिचें नांवच एका फ्रेंच दर्यावर्द्यावरून पडलेलें आहे. गुलमोहर मादागास्करचा. आमच्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या नजरेस या गोष्टी खुपतात, इतरांस खुपणार नाहींत. तथापि लाखों रुपये मुकुटांवर व रथांवर खर्च करणाऱ्यांनीं कुंद, मोगरा, कण्हेर, बकुळ यांचीं चार रोपें आणवावीं ही अपेक्षा कांहीं अवास्तव नव्हे.

कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं पुढचें पाऊल टाकलें. ते स्वतः नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत वाकबगार. म्हणूनच रंगविलेल्या पडद्याची खोटी खोली त्यांस अधिक कळत असावी. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांत त्यांनीं सपाट कापडाच्या जागीं भरीव नेपथ्य उभें केलें, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाशां’त तर खेड्याचें उजाड शिवार, झोंपडी, रात्रीचा अंधार यांसच बोलावयास लाविलें. हें सर्व मुक्या चित्रपटाच्या काळांत झालें. मुक्या चित्रपटास बाहेर जाण्याची भीति नव्हती.

बोलपट आला आणि ती भीति उत्पन्न झाली. ‘आलम आरा’ १९३१ चा, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. ध्वनिग्राहक यंत्रास कोकिळा आणि टांगा यांत भेद करतां येत नसे. जें कानावर येई तें सगळें तें टिपून घेई. गाणें चित्रीकरणाच्या वेळींच म्हणावें लागे. म्हणून वादक मंडळी दृश्यांतील झाडांच्या किंवा झुडपांच्या आड दडून बसत. झाडाचें काम आतां तबलजीस लपविणें! नायक-नायिकेसहि ध्वनिग्राहकाच्या टापूंतून हलतां येत नसे. १९३५ सालीं न्यू थिएटर्सच्या ‘धूप छांव’ या चित्रपटांत गाणें आधीं मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलविण्याची पद्धत आली, आणि नटांच्या पायांतली बेडी तुटली. बाजाची पेटी खांद्यावर न वाहतां नायक-नायिकेस वाटेल तेथें धांवतां येऊं लागलें. धांवून तीं कोठें गेलीं? बागेंत.

ज्यास आज लोक हंसून ‘झाडाभोंवतीं फेर धरणें’ म्हणतात तो प्रकार असा यंत्राच्या सोयींतून निघालेला आहे. कोणा दिग्दर्शकाच्या रसिकतेचा किंवा अरसिकतेचा त्यांत फारसा वांटा नाहीं. शांतारामबापूंच्या राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ चा; जयश्रीबाई शकुंतला आणि चंद्रमोहन दुष्यंत. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहांत तो १०४ आठवडे चालला. पुढें १९६१ सालीं ‘स्त्री’ या चित्रपटांत त्याच कथेकडे ते पुन्हां वळले, तेव्हां दुष्यंत स्वतः झाले आणि संध्याबाई शकुंतला. एकाच कलावंतास अठरा वर्षांनीं पुन्हां त्या तपोवनांत जावेंसें वाटलें, यावरून त्या उपवनाची ओढ दिसते.

नंतर रंग आले आणि काश्मीर आलें. १९६१ च्या ‘जंगली’पासून १९६४ च्या ‘कश्मीर की कली’पर्यंत आणि त्यापुढेंहि हिंदी चित्रपटानें तें खोरें पिंजून काढलें. शालिमार बाग जहांगीरानें १६१९ सालीं घातली. निशात बाग आसफखानानें १६३३ सालीं. या बागांची रचना ज्यांनीं नीट पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे कीं तेथें मुख्य वस्तु पाणी आहे, फूल नव्हे. डोंगराच्या अंगचें पाणी मधल्या कालव्यानें एका पायरीवरून दुसरीवर उतरत येतें आणि पाहणारा उलट दिशेनें एकेक पायरी चढत जातो. निशातच्या बारा पायऱ्या चढून वर जावें आणि मागें वळून दल सरोवर पाहावें, यासाठीं ती बाग. माणसाची चढण आणि पाण्याची उतरण यांची जी गांठ पडते तींत त्या बागेचा जीव आहे. चलच्चित्रासाठींच जणूं ती निर्माण केली, असें कोणासहि वाटेल. परंतु गाण्यांतून ती बाग कधीं सबंध दिसली काय? एका ओळीस कारंजें, दुसऱ्या ओळीस चिनार, तिसरीस भलतीकडचाच हिरवा उतार. खऱ्या बागेचे तुकडे करून त्यांचा पुन्हां कापडी पडदाच शिवला!

हॉलंड देशांत कॉकेनहॉफ नांवाचें उद्यान आहे. वर्षांतून वसंताच्या कांहीं आठवड्यांपुरतेंच तें उघडतें व लक्षावधि ट्यूलिप त्या वेळीं तेथें फुललेले असतात. यश चोप्रांच्या १९८१ च्या ‘सिलसिला’ चित्रपटानें तें आपल्याकडील घराघरांत पोंचविलें. रंगांचे पट्टेच्या पट्टे क्षितिजापर्यंत गेलेले पाहून डोळे निवतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्या नायक-नायिकेच्या मनांत जें कांहीं चाललें आहे त्याच्याशीं त्या फुलांचा संबंध काय, असें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. पुढें १९९० च्या सुमारास काश्मीरांत अशांतता माजली आणि चित्रपटमंडळी स्वित्झर्लंडच्या कुरणांकडे वळली. बाग बदलली, गाण्यांस कांहीं फरक पडला नाहीं. यावरूनच त्या बागेची किंमत कळावी.

फूल तोडून नायिकेवर फेंकणें, ताटव्यांतून लोळत जाणें, हे प्रकार पाहतांना साने गुरुजींच्या ‘श्यामच्या आई’तील ‘मुकीं फुलें’ हें प्रकरण आठवल्यावांचून राहत नाहीं. कळ्याच खुडून आणणाऱ्या मुलांस ती माउली सांगते तें ज्यांनीं लहानपणीं वाचलें आहे, त्यांस पडद्यावरची ही फुलांची नासाडी सोसवत नाहीं. असो.

एका बाबतींत मात्र फुलांची बाजू घेतली पाहिजे. नायक-नायिका जवळ आलीं कीं कॅमेरा वळून दोन फुलें एकमेकांस टेकलेलीं दाखवावयाचीं, या जुन्या संकेतावर नव्या पिढीनें पुष्कळ विनोद केले आहेत. पण चित्रपट कोण पाहत होतें हें विसरूं नये. आजोबा, आजी, सुना, नातवंडें, दारचे पाहुणे अशी पंधरा माणसें एकाच रांगेंत बसून चित्रपट पाहत. सासऱ्यासमोर सुनेस मान खालीं घालावी न लागतां प्रेमाची गोष्ट सांगावयाची कशी, या अडचणीवर काढलेला तो तोडगा होता. संस्कृत कवींनीं वेल आणि वृक्ष यांच्या द्वारें हेंच केलें आहे. संकेत वाईट नव्हता. तो पाठ झाल्यामुळें निर्जीव झाला.

परदेशीं बागेचा उपयोग कोणकोणत्या हेतूनें झाला त्याचीं दोन उदाहरणें सांगतों. आलें रेने या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९६१ सालच्या ‘गतवर्षीं मारिएनबाड येथें’ या अर्थाच्या नांवाच्या चित्रपटांत राजवाड्याची एक आंखीव बाग आहे. तीत उभ्या असलेल्या माणसांच्या लांब सावल्या जमिनीवर पडलेल्या आहेत. परंतु कापून शंकूसारख्या केलेल्या झुडपांस सावलीच नाहीं! माणसांच्या सावल्या जमिनीवर रंगविल्या होत्या. पाहणाऱ्यास क्षणभर कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें, आणि या चित्रपटांत आठवण खरी कीं खोटी हाच प्रश्न असल्यामुळें तें चुकलेंपण अर्थपूर्ण ठरतें. दुसरें उदाहरण इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनी याच्या १९६६ च्या ‘ब्लो-अप’चें. लंडनमधील मेरियन पार्क या साध्या सार्वजनिक बागेंत एक छायाचित्रकार एका जोडप्याचीं छायाचित्रें घेतो. घरीं येऊन तीं मोठीं करतां करतां त्यास झुडपांत पिस्तूल धरलेला हात दिसूं लागतो. बागेंत उभें असतांना जें दिसलें नाहीं तें बागेच्या चित्रांत दिसलें. या दिग्दर्शकानें त्या बागेंतील गवत मनासारखें हिरवें दिसेना म्हणून चक्क रंगविलें होतें. आम्हांस हें प्रथम हास्यास्पद वाटलें. मग वाटलें, निदान त्यानें गवताकडे पाहिलें तरी!

परंतु बागेंतील प्रसंग कसा असावा हें दाखविण्यास इतकें दूर जावयास नको. सत्यजित राय यांचा १९६४ चा ‘चारुलता’ हा बंगाली चित्रपट घ्या. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या दीर्घकथेवरून तो घेतला आहे. आपल्या सर्व चित्रपटांत यांत सर्वांत कमी दोष राहिले, असें राय स्वतः म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कलकत्त्याचें एक सुखवस्तु घर. यजमान भूपति आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बुडालेला. सज्जन, उदार, आणि घरांत काय चाललें आहे याविषयीं पूर्ण आंधळा. त्याची तरुण पत्नी चारुलता वाचनाची गोडी असलेली, बुद्धिमान आणि दिवसभर एकटी. आरंभींच ती हातांत लहानशी दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे जाते व झडपांच्या फटींतून रस्त्यावरचीं माणसें पाहते. घरांत कशाची वाण नाहीं. केवळ बोलावयास माणूस नाहीं. मग भूपतीचा नात्यानें भाऊ लागणारा अमल येतो. कवितांचा नादी, हंसरा, अल्लड. दीर-भावजयीची थट्टा सुरू होते. भूपतीच अमलास सांगतो कीं तिला लिहिण्याकडे वळीव.

आणि मग घरामागची बाग. अमल चटईवर पडून वहींत लिहीत आहे. ती वही चारूनें त्यास दिलेली आहे. चारु झोपाळ्यावर बसून झोके घेत आहे आणि रवींद्रनाथांचें एक गाणें गुणगुणत आहे. कॅमेरा झोपाळ्याबरोबरच जातो; त्यामुळें चारूचा चेहरा आपल्यापुढें स्थिर राहतो आणि मागची सारी बाग, झाडें, ऊन आणि सावली, वरखालीं होत राहते. हें दृश्य पाहतांना पॅरिसच्या त्या पहिल्या प्रेक्षकांचें नवल आपणांस पुन्हां अनुभवास येतें. नंतर ती दुर्बीण डोळ्यांस लावते. शेजारच्या खिडकींत तान्हें मूल घेतलेली एक स्त्री दिसते. तिच्यावरून दुर्बीण वळते ती अमलाकडे, आणि तेथें थांबते. चारूच्या मुद्रेवर जें उमटतें तें तिलाहि नवें आहे. कोणीं कोणास स्पर्श केलेला नाहीं, एक वावगा शब्द उच्चारलेला नाहीं. सासऱ्याशेजारीं बसून पाहिलें तरी कोणास अवघडल्यासारखें होणार नाहीं, आणि तरी या पांच-दहा मिनिटांत एक घर उन्मळण्यास आरंभ झालेला असतो.

हा प्रसंग दिवाणखान्यांत घडूं शकला नसता. माजघरांत सून असते, दिवाणखान्यांत यजमानीणबाई असते. परसदारीं ती नुसती ती असते. उंबरठ्याबाहेर न जातांहि बाहेर येतां येतें अशी एकच जागा आमच्या जुन्या घरांत असे: तुळशीवृंदावनापासून विहिरीपर्यंतची. तेथें दुपारच्या वेळीं किती बायका किती वेळ उभ्या राहिल्या असतील आणि कशाचा विचार करीत असतील, याची नोंद कोणीं ठेविली आहे? पडद्यावर चारूच्या मागें जी बाग हलते ती या दुपारींची नोंद आहे, असें आम्हांस वाटतें. झोपाळा, झाडें आणि दुर्बीण यांपैकीं एक जरी वस्तु काढली तरी प्रसंग ढांसळेल. भुंगा काढला तर पहिला अंक ढांसळतो तसाच.

रवींद्रनाथांच्या मूळ कथेंत ही बाग आणखी एका रूपानें येते. तेथें चारु आणि अमल मिळून घरामागच्या जागेंत बाग करण्याचे बेत आंखतात. नकाशा काढतात, खर्चाचा अंदाज बांधतात, भूपतीस कळूं द्यावयाचें नाहीं असें ठरवितात. अंदाज वाढत जातो, पैसा पुरेसा नाहीं, हें गाळूं, तें गाळूं असें होतां होतां ती बाग कागदावरच राहते. बागेच्या बेताची जागा लेखनाचा बेत घेतो. चित्रपटांत अमल आपलें लिखाण छापणार नाहीं असें चारूस वचन देतो आणि छापतो. चारु तेव्हां स्वतः लिहावयास बसते. काय लिहावें हें प्रथम सुचत नाहीं. मग तिला बाळपणचें खेडें आठवूं लागतें: नदी, होड्या, जत्रा, म्हातारी माणसें. तो लेख एका मासिकांत छापून येतो. त्या मासिकाचा अंक घेऊन ती अमलाच्या खोलींत जाते आणि त्याच अंकानें त्याच्या डोक्यावर मारते. मग रडूं लागते.